बदलीच्या यादीतलं पहिलं नाव

माझी थोरली लेक एकवीस वर्षं रेल्वेच्या कार्यालयात आहे. रूळ, इंजिन यांच्याशी तिचा संबंध फक्त कागदावरचा. टेबलावर बदल्यांच्या फायली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि समोर ते घड्याळ, ज्याच्याकडे साडेचारनंतर अख्खी शाखा डोळे लावून बसते. वयाने मोठी माणसंही तिला ताई म्हणतात, कारण ती कर्मचारी संघटनेची सचिव आहे. जेवणाच्या सुट्टीत दारापाशी घोषणा द्यायला जेमतेम दहाजण जमतात. अर्ज लिहून घ्यायला मात्र तिच्यापुढे रांग.

चार वर्षांपूर्वी ती बदल्यांवरून भांडली. साहेबांच्या मर्जीतले खुर्चीला चिकटलेले, आणि वशिला नसलेला दर दोन वर्षांनी गाठोडं बांधतोय, हे तिला बघवेना. शेवटी नियम झाला: एका जागी सर्वांत जास्त वर्षं झालेला आधी जाईल. मसुद्यात संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सूट होती. ती ओळ हिनेच खोडली. "उद्या लोक म्हणतील, स्वतःची खुर्ची तेवढी सांभाळली."

यंदाची यादीही तिनेच केली. जायचं होतं एकाच माणसाला, गाडीने नऊ तासांवरच्या जंक्शनला. पहिलं नाव तिचं निघालं. दुसरं, मागच्या टेबलावरच्या नानांचं.

तिला दमा आहे. तिथे एकटी राहणार, रात्री श्वास कोंडला तर पाणी कोण देणार? मला राहवेना. मी संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला.

"काकू, एका ओळीचं काम आहे," ते म्हणाले. "सूट परत घालून घेतो. ताईंनी फक्त हो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी लेक घरी आली ती धुमसतच.

"आई, तू माझ्या ऑफिसात वशिला लावलास?"

"लावला. तुझ्या छातीतली घरघर तुझ्या साहेबांना ऐकू येत नाही, मला येते."

"मी नाही गेले तर नाना जातील."

"जाऊ देत की! त्या माणसाने जन्मात कधी वर्गणी दिली नाही. तुम्ही घोषणा देता तेव्हा डबा खात हसतो."

"हसणाऱ्याला आधी पाठवा, असं नियमात नाहीये."

"नियमात तुझी आई तरी कुठे आहे?"

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. म्हणाली, "मला भांडायचा कंटाळा आलाय गं. साहेबांशी, आपल्याच लोकांशी, आता तुझ्याशी. एवढी एक गोष्ट मी धड केलीय. ती राहू दे."

यादी तशीच वर गेली. सोमवारी ती निघतेय. दम्याचे तीन पंप बॅगेत भरून झाले, तरी चौथा आणावा असं मला सारखं वाटतंय.

काल विचारलं, "नाना काही बोलले?"

"बोलले ना. म्हणाले, ताई, तुमचं खिडकीजवळचं टेबल आता मी घेऊ का?"

"मग?"

"घ्या म्हटलं. इथे त्यांचीच वर्षं जास्त आहेत, माझ्यानंतर."