परात पडल्यावर

माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम लातूरच्या. त्या म्हणायच्या, "आकडे आणा, किस्से नकोत." त्यामुळं तीन वर्षांत आकडे तेवढे थिसिसमध्ये गेले आणि किस्से माझ्या गळ्यात पडले. आता चहाला कुणी भेटलं, की एखादा तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

मी नांदेडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. थिसिसचा विषय होता, ध्यान करणारी माणसं कमी दचकतात का? आमच्या विहारात दर रविवारी भंतेजी चित्तावर बोलतात, ऐकायला दहा-बारा जण असतात. त्यांनाच मी प्रयोगाला बसवलं. मॅडमची अट एकच होती: वीस वर्षं ध्यान केलेला एक तरी माणूस पाहिजे, नाहीतर सही नाही. असा माणूस म्हणजे भंतेजीच. आणि ते दर वेळी हसून म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू."

*

पहिले बसले हदगावचे दत्तराव. सोयाबीनवाले, उत्साही. मेंदूचे तरंग मोजायचा महागडा पट्टा मी त्यांच्या डोक्याला लावला, तर तो सटासट घसरायला लागला. डोक्यावर वाटीभर खोबरेल तेल!

मी म्हटलं, "दत्तराव, जरा साबण लावून या."

"लावतो की. पण सर, तेलासंगं विचार बी धुवून गेले तर तुम्ही मोजणार काय?"

पट्टा तेलानं कायमचा बंद पडला. तेव्हापासून आम्ही बोटाला चिमटा लावून नाडी मोजायला लागलो.

*

लातूरचे शिवप्पा कापड दुकानदार. नांदेडला लेकीकडं आले की विहारात डोकावायचे. "तीस वर्षं रोज इष्टलिंगपूजा करतो. मन कसं एकदम स्थिर हाय!" म्हणून स्वतःच खुर्चीत बसले.

आणि काय सांगू, स्क्रीनवर रेघ सरळ! जरासुद्धा हलेना. मी आनंदानं मॅडमना फोन लावणार, एवढ्यात लक्षात आलं, चिमटा बोटावरून निसटून खुर्चीच्या हाताला लागला होता.

शिवप्पा जराही वरमले नाहीत. "बघा, माझ्यासंगं बसून खुर्ची बी शांत झाली!"

*

सुशीलाताई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हातात मी बटण दिलं. मन भटकलं की दाबायचं. वीस मिनिटं झाली, एकदाही दाबलं नाही. मी थक्कच झालो.

"ताई, मन एकदाही भटकलं नाही?"

"भटकलं की! गॅसवर दाळ ठेवून आले ना, वीस मिनिटं तिथंच होतं. बटण दाबायला परत तर यायला पाहिजे!"

त्या दिवशी मी जेवढं शिकलो तेवढं एमएला शिकलो नव्हतो, खोटं कशाला बोलू.

*

एकदा भंतेजींनी समजावलं, की 'मी' म्हणून आत कायमचं असं काही नसतं. दत्तरावांना हे फारच आवडलं. घरी गेले तर भाऊ विचारतोय, माझी गाडी न विचारता कोण नेली? दत्तराव म्हणाले, "नेणारा आता कुठं हाय? तो कालच संपला!"

भावानं सणकन एक ठेवून दिली. "मारणारा बी संपला बघ!"

पुढच्या रविवारी गाल चोळत दत्तरावांनी तक्रार केली. भंतेजी म्हणाले, "अर्धा धडा घेऊन गावाकडं जाऊ नका."

*

थिसिसच्या नावातलं 'दचकणं' काढून मी आयत्या वेळी 'सावरणं' का घातलं, असं सगळे विचारतात. त्याचं कारण हे.

सबमिशनला आठ दिवस उरले तेव्हा भंतेजी एकदाचे बसले. बोटाला चिमटा, डोळे मिटलेले. दचकवायचा आवाज काढणारा स्पीकर नेमका बिघडला होता, म्हणून दत्तराव स्वयंपाकघरातली मोठी परात घेऊन मागं उभे राहिले. मी खूण केली. त्यांनी परात फरशीवर सोडली.

भंतेजी हातभर उडाले! चीवर खांद्यावरून खाली. स्क्रीनवरची रेघ गेली वरपर्यंत.

तीन वर्षं पाण्यात! मी जवळजवळ ओरडलोच, "भंतेजी, तुम्ही दचकलात?"

"दचकलो की. लई मोठी परात हाय."

"पण वीस वर्षांचं ध्यान! आता मॅडमना काय सांगू? सही कशी मिळणार?"

भंतेजींनी चीवर सारखं केलं. स्क्रीनकडं पाहिलं. त्यांची रेघ केव्हाच खाली येऊन संथ चालली होती. मग त्यांनी चिमटा काढला आणि हळूच माझ्या बोटाला लावला. रेघ वर चढली ती उतरेचना.

"सर," ते म्हणाले, "परात कवाच पडली. तुम्ही अजून दचकून राहिलात."