दुपारचं कुलूप

‘सावंत गावी जाताना तुम्हाला सांगून गेले होते का?’ भाडेकरूच्या वकिलांनी मला विचारलं.

मी पिंजऱ्यात उभा होतो, मालकांचा साक्षीदार म्हणून. समोरच्या बाकावर दाजी सावंत आणि त्यांची बायको. दाजी निर्धास्त दिसत होते. उत्तर मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मी लालबागच्या एका चाळीचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे मालकाचा माणूस. पावत्या फाडायच्या, नळाच्या आणि जिन्याच्या तक्रारी ऐकायच्या. दाजी कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. गिरण्यांचा संप लांबला तसे ते बायकोमुलांना घेऊन कोकणात गावी निघाले. निघायच्या सकाळी ऑफिसात आले.

‘भाऊ, थोडे दिवस शेती बघतो. गिरणी सुरू झाली की आलोच. खोलीचं काय होणार नाही ना?’

‘जा हो बिनधास्त. खोली काय पळून जातेय?’

हे वाक्य माझं. शब्दन् शब्द आठवतो.

मालकांना ती खोली हवी होती. भाडं वेळेवर येत असेल तर जुन्या भाडेकरूला सहसा काढता येत नसे. दाजींचं भाडं शेजारच्या सुलूताई नेमाने भरत होत्या. पण कायद्यात एक वाट होती. वाजवी कारण नसताना सलग सहा महिने खोली वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकत होता. मालकांनी मला एक वही दिली.

‘आठवड्यातून एकदा वर जायचं. कुलूप दिसलं की तारीख घालून लिहायचं. आणि दुपारीच जा.’

दुपारी का, ते मला कळत होतं. खोलीची किल्ली सुलूताईंकडे होती. दिवेलागणीला त्या कुलूप काढायच्या, केर काढायच्या, देवापुढे समई लावायच्या. गावी गेलेल्याच्या खोलीतला देव अंधारात ठेवायचा नाही, ही त्या मजल्याची रीत. माझ्या वहीत मात्र पानोपानी ‘कुलूप’.

सहा महिने उलटले आणि मालकांनी दावा लावला. नोटीस हातात पडताच दाजी घरच्यांसह धावत परत आले.

कामधंदा बंद पडला म्हणून गावी जाणं हे वाजवी कारण ठरू शकत होतं. पण परत यायचं ठरवूनच गेलो, हे दाजींना दाखवावं लागणार होतं. तसं त्यांनी सांगितलं होतं एकट्या मला.

साक्षीच्या आदल्या दिवशी मालक म्हणाले, ‘खोटं नको बोलूस. आठवत नाही म्हण. विसरणं काय गुन्हा आहे?’

माझं लग्न ठरलं होतं. नोकरी जाऊन चालणार नव्हतं. हे कारण मी स्वतःला आजवर बऱ्याचदा दिलंय. ते वाजवी नाही.

‘आठवत नाही,’ मी कोर्टात म्हणालो.

दाजी चिडले नाहीत. आपल्या वकिलांकडे वाकून हळूच म्हणाले, ‘आठवेल त्यांना. जरा वेळ द्या.’

मला ते ऐकू आलं. मी खाली उतरलो.

पुढच्या तारखेला सावंत वहिनींनी समईचं सांगितलं. मालकांचे वकील हसले. ‘म्हणजे बाई, खोलीत देव राहत होता. तुम्ही नाही.’

‘मग देवाक तरी र्‍हवांदे,’ वहिनी म्हणाल्या. कोर्टात हशा पिकला.

निकाल मालकांच्या बाजूने लागला. अपिलातही तोच कायम राहिला. ताबा घ्यायला बेलिफ आला तेव्हा मालकांच्या वतीने मीच हजर होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस. तो सामानाची यादी करू लागला. संध्याकाळी खोली आपली नसणार म्हणून वहिनींनी भर दुपारीच दिवा लावला होता.

‘समई एक,’ बेलिफ म्हणाला. ‘पेटती लिहू की नुसती?’

दाजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘नुसती लिहा.’

आता पन्नाशी उलटली. ती नोकरी मी कधीच सोडली. हल्ली संध्याकाळी भाडेकरूंचे अर्ज लिहून देतो. येईल त्याला एकच सांगतो. खोली बंद करून कुठेही जाणार असाल, तर मालकाला पत्र द्या आणि पोच घ्या, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवर त्याची सही.

मॅनेजर चांगल्या ओळखीचा असेल, तर आधी घ्या.