मुकं गाणं

कपडा वाळलाय असं कुणी कितीही सांगितलं, तरी लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशी तो गालाला लावून बघणारच. ‘माणूस खोटं बोलेल, ओल नाही बोलणार,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोक त्यांना पाठीमागे ‘शंकेखोर’ म्हणतात, आणि तेही त्यांना ठाऊक आहे. पण ही शंका त्यांच्या अंगात भिनली ती लहानपणी, एका नाताळच्या सकाळी.

त्यांचे वडील सुतार. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत ते उभे राहायचे, आणि त्यांचा खर्ज लागला की बाकाची फळी मांडीखाली थरथरायची. पोरीचा नाताळ म्हणजे ती थरथर.

त्या वर्षी मात्र रंधा मारताना बाबा गुणगुणेनासे झाले होते. ‘सणासाठी गळा राखतोय,’ ते हळूच म्हणाले. त्यावर आई नको तेवढी हसली. पोरीच्या मनात पाल चुकचुकली.

चर्चमध्ये गाणं सुरू झालं. बाबांचं तोंड उघडलं, छाती फुगली, मान डोलली. सगळं जिथल्या तिथे. पोरीने तळहात बाकावर दाबून धरला. फळी गप्प. तिने आईकडे पाहिलं. आईची नजर पुस्तकात नव्हती, बाबांच्या ओठांवर होती, आणि ती कधी नव्हे ते घसा ताणून गात होती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि आईला ते माहीत होतं.

उपासना सुटल्यावर पाववाल्या काकूंनी बाबांना दारातच गाठलं. ‘काय आवाज लागला होता हो, सुतारभाऊ! अंगावर काटा आला!’

बाबांनी नुसती मान लववली.

‘बाबा गायलेच नाहीत,’ पोर म्हणाली.

‘अगं बाई! सणासुदीला कान धुतलेस की नाही?’ काकू हसल्या. आईने दंडाला चिमटा काढला. ‘गप, आगाऊ!’

कोपरा वळल्यावर पोर रस्त्यातच अडून बसली. ‘खोटं का गायलात?’

बाबा वाकले. शब्द निघाले ते करवतीखालून भुसा गळावा तसे. ‘आवाज गेलाय, बाळा. डॉक्टरकडे जायची भीती वाटते.’

‘मी येते,’ ती म्हणाली.

सण सरल्यावर ती खरंच गेली. डॉक्टरांनी घशात दिवा मारला न मारला, आणि म्हणाले, ‘भुशाने घसा धरलाय. औषध देतो.’ आईचा जीव भांड्यात पडला. पोर मात्र डॉक्टरांची नजर बघत होती. ती नजर सगळा वेळ दाराबाहेरच्या गर्दीकडे होती.

‘तुम्ही नीट बघितलं नाही. परत बघा.’

आई शरमेने अर्धी झाली. डॉक्टर चिडले, पण त्यांनी दिवा पुन्हा लावला. या खेपेला छोटा आरसाही घेतला. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

गाठ होती, मसुरीएवढी. वेळेत सापडली म्हणून काढता आली. बाबा पुन्हा कधी गायले नाहीत, पण नातवंडांना कुजबुजत दटावण्याइतके म्हातारे झाले. आणि पोरं आजीच्या ओरडण्यापेक्षा त्या कुजबुजीलाच जास्त भ्यायची.