खुराचं माप

मेहरूणमधला तो वेल्डर घोड्यासाठी गव्हाण करायची असली की आधी घोड्याचा पाय उचलायचा आणि खुराची रुंदी खडूने स्वतःच्या तळहातावर आखायचा. दोन गजांतली फट त्याहून कमीच ठेवायचा. कडबा सहज ओढता यावा म्हणून मी रुंद फट मागितली.

"पाय अडकी जाई, नाना."

"घोडी माझी आहे की तुझी?"

त्याने मी सांगितली तेवढी फट ठेवली. महिन्याभरात पाय अडकून घोडी कायमची लंगडी झाली. मी गावभर त्याच्या कामाला नावं ठेवली, त्याची गिऱ्हाइकं तुटली. तो न बोलावता आला, मधे जादा गज जोडून गेला. अजूनही भेटला की विचारतो, "घोडी कशी शे, नाना?"

फट रुंद ठेवायला मीच सांगितलं होतं.