मैनाबाईचा पाहुणचार

सावळखेड्याच्या मैनाबाईनं आठ वर्षांत आठ फिल्मांत काम केलं, आणि त्यांतली एकही पाहिली नाही. थेटरातल्या फिल्मा नव्हेत. अमरावतीकडच्या एका खासगी विद्यापीठात ‘जागतिक विकास आणि माध्यम-संवाद’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता, आणि त्यातली मुलं दर हिवाळ्यात खेड्यातल्या गरिबीवर एक फिल्म करायची. नावात अख्खं जग असलं तरी त्याची धाव बडनेऱ्यापासून सहा किलोमीटरवरच्या सावळखेड्यापर्यंतच, कारण सकाळी निघालं की जेवायला परत पोचता येतं. त्यातही मैनाबाईचंच घर का, तर पहिल्या वर्षी अभ्यासक्रम शिकवणाऱ्या किशोर सरांची गाडी तिच्या दारात पंक्चर झाली. निवडीमागचं संशोधन एवढंच.

मैनाबाई मुळात खोटारडी नव्हती. त्या दिवशी तिनं खरं ते सांगितलं. बचत गटाची मसाल्याची चक्की चालवते, नवरा किसनराव रेल्वेतून निवृत्त झाला, पोरगी भावना आठवीत आहे आणि वर्गात पहिली येते. ऐकता ऐकता प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचं तोंड उतरलं. बिचारी एवढ्या लांब दुःख न्यायला आली होती आणि इथं नुसता मसाला निघाला. सर म्हणाले, “मैनाबाई, समजा, मुलीला शिकवता आलं नसतं, तर काय बोलला असता?”

दारचा पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये, हे मैनाबाईला सासूनं शिकवलं होतं. कोणाला लोणचं आवडतं, कोणाला ठेचा. यांना दुःख हवं होतं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, “पोरीले शिकवता नाई आलं, बावा.” त्या वेळी पोरगी शाळेत गणिताचा पेपर देत होती.

पुढं सगळं ठरूनच गेलं. गाडी यायच्या आदल्या दिवशी फ्रिजवर गोधडी पडायची, चक्कीवर पोतं. मैनाबाईनं एक विटकं पातळ खास शूटिंगसाठी राखून ठेवलं होतं. किसनरावाचा इस्त्रीचा शर्ट आणि चष्मा गरिबीत बसेना, म्हणून त्याची रवानगी शेजारच्या संघपालच्या ओट्यावर व्हायची. शूटिंग संपलं की पाहुणे चहा पिऊन, दुःख घेऊन जायचे आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत कोणी फिरकायचं नाही. मैनाबाईचं आडनाव आठ वर्षांत एकानंही विचारलं नाही. त्यांच्या कागदावर ती ‘मैनाबाई, लाभार्थी’ होती.

नवव्या वर्षी भावना बी.ए. झाली आणि स्वतःच्या मार्कांवर त्याच अभ्यासक्रमाला लागली. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात बक्षीस मिळालेली जुनी फिल्म दाखवली. पडद्यावर आई रडत होती, आणि मागून एक गोड आवाज सांगत होता की मैनाबाईचा नवरा दारूपायी गेला आणि मुलीची शाळा सुटली. शेजारच्या पोरीनं डोळे पुसले. भावना तास संपताच सरळ घरी निघाली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “आई, बाबा कई मेले?”

किसनराव समोर भाकर खात होता. त्यानं जन्मात तंबाखूचा खर्राही खाल्ला नव्हता. 

“हे म्या नाई सांगतलं,” मैनाबाई म्हणाली. “त्याईनंच मारलं.”

“अन् माही शाळा?”

“पाहुण्याले नाई कसं म्हणू, बाई?”

“थे पाहुणे व्हते. मंग मी कोण व्हती?”

 आठ वर्षांत मैनाबाईला पहिल्यांदा खरंखुरं रडू आलं, आणि नेमका तेव्हा कॅमेरा नव्हता.

हिवाळा आला. त्या वर्षी ज्या गटाची फिल्म सर्वांत चांगली, त्यातला कॅमेरा धरणारा सहा महिने परदेशी शिकायला जाणार होता. सरांच्या लाडक्या गटाला सावळखेडं मिळालं आणि कॅमेरा भावनाच्या हातात. मैनाबाई आपली आई, हे तिनं वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं. घरातून निघताना ती एवढंच म्हणाली, “तुले जे सांगा वाटंन थे सांग.” मैनाबाई सकाळपासून हिशेब मांडत होती. खरं बोललं तर पोरीचं परदेश बुडतं. खोटं बोललं तर पोरगी स्वतःच्याच हातानं स्वतःला अडाणी करून घेते.

गाडी आली. सर दारात थबकले. फ्रिजवर गोधडी नव्हती, चक्की जागेवर होती, मैनाबाई नव्या हिरव्या साडीत होती आणि किसनराव खुर्चीत पेपर वाचत होता.

“काका, तुम्ही जरा शेजारी बसता का?”

“मी मेलो नाई अजून, सर,” किसनरावानं पान उलटलं. “बसतो इथंच.”

सरांनी घसा खाकरून नेहमीचा प्रश्न विचारला. मैनाबाईनं कॅमेऱ्याकडं बघितलं.

“शिकवली पोरीले,” ती म्हणाली. “इतकी शिकवली का आता थे कॅमेरा घेऊन मायच्याच दारात आली, माय किती गरीब हाय थे पाहाले.”

“कट,” सर म्हणाले. भावनानं कट केलं नाही.

अर्थ ध्यानात यायला सरांना थोडा वेळ लागला. आला तसा त्यांचा चेहरा उजळला. वाया चाललेली गरिबी अशी क्षणात यशोगाथा झालेली त्यांनी पाहिली नव्हती. “हे तर उत्तमच झालं! मैनाबाई, एकच वाक्य बोला. आम्ही दरवर्षी आलो, म्हणून तुम्हाला शिक्षणाचं महत्त्व कळलं. बस. भावनाचं परदेश पक्कं.”

मैनाबाई उठली. सगळ्यांना चहा दिला, वर लाडू दिला. सर वाट बघत राहिले.

“च्या घ्या, लाडू घ्या,” ती म्हणाली. “थे वाक्य नाई भेटत.”

त्या दारातून पाहुणा पहिल्यांदाच रिकाम्या हातानं गेला.

भावनानं चित्रण होतं तसंच जमा केलं. ‘मुख्य पात्राचं सहकार्य नाही’ असा शेरा आला, आणि परदेशी दुसऱ्या गावातलं दुःख गेलं.  तिसऱ्या दिवशी भावनानं फोन आईसमोर धरला आणि फिल्म लावली. मैनाबाईनं पाहिलेली ही पहिलीच. हिच्यात तिचा नवरा शेवटपर्यंत जिवंत होता.