मामांच्या छत्रीचं तोंड

आमच्या कंपनीत फोन गेटवरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. दशरथमामा गेले ते सकाळी, त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये चढताना छातीत कळ येऊन. मला कळलं ते सुट्टी झाल्यावर, फोन हातात आला तेव्हा. सुपरवायझरला निरोप दुपारीच आला होता. "सांगून काय केलं असतंस? लाइन थांबली असती," म्हणाला. सणसवाडीला खोलीवर पोहोचले तोवर मामांना दौंडकडं, त्यांच्या गावी नेलं होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं वाटतही नाही.

मामा माझे कुणी लागत नव्हते. मी अक्कलकोटकडची. आठवीत शाळा सुटली, मग घर सुटलं. इथं आले तेव्हा मला सगळ्याचीच धास्ती होती... हायवेवरच्या ट्रकची, लाइनवरच्या हिंदीची, दाराच्या कुलपाची. सगळ्यात वरच्या मजल्यावर मामा-मामींची खोली माझ्या खोलीला लागून. मामींचे गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. त्यांना सोबत ती टीव्हीची. पण घरमालक आप्पांच्या पुतण्याचं केबल होतं आणि भाडेकरूंनी तेच घ्यायचं असा दंडक. ते चाललं तर चाललं. सकाळची बुद्धवंदना अर्ध्यात बंद पडायची आणि मामी काळ्या पडद्याकडं बघत बसायच्या.

एका सुट्टीला मामा म्हणाले, "चल शिरूरला, फुकटच्या चॅनलची छत्री आणू. तुलाबी बाजार दिसंल." दुकानदारानं लहान डिश पुढं केली. मामांनी ती वाजवून बघितली. "ही पावसात रुसती. मोठी दाखवा."

"मोठी कशाला मामा? राहता तर एका खोलीत!"

"खोली बारकी हाय. आभाळ व्हय का बारकं?"

एसटीत ती मोठी छत्री आमच्या दोघांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मामा, आत ऊन लागतंय व्हय?" सगळी गाडी हसली. सगळ्यात जास्त मामाच हसले.

गच्चीवर पाइप रोवताना आप्पा धावत आले. "स्लॅब गळंल!" "गळला तर माझ्याच डोक्यावर गळंल आप्पा, खाली मीच राहतोय," म्हणत मामांनी सिमेंट थापलं. मग छत्रीचं तोंड लावणं. मामा वर, मी जिन्यात, मामी टीव्हीपुढं. मामा केसभर फिरवायचे, मी "आलं का?" ओरडायची, आतून "मुंग्याच हायेत!" अखेर मामींचा आवाज थेट वर गेला, "अहो, आलं! आता हात लावू नका!"

मामांनी माझी लाल नेलपेंट मागून घेतली. पाइपावर एक रेघ, छत्रीच्या पट्टीवर एक, समोरासमोर. "वाऱ्यानं फिरली तर रेघंला रेघ लावायची. कुणालाबी जमतंय." मग मला कठड्यापाशी उभं करून म्हणाले, "ह्या गच्च्या बघ. समद्या छत्र्यांची तोंडं एकीकडंच. सोलापूरच्या अंगाला. तुझं गाव तिकडंच न्हवं?" त्या दिवसानंतर मी कामाला जाताना वर बघून जायला लागले. एवढ्या सगळ्यांची तोंडं माझ्या गावाकडं, मग मी एकटीच कुठं आले होते?

मामा बौद्ध; त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेल्यानंतरचा विधी, गावी झालं. त्यांची लेक इथं जवळच शिक्रापूरला कामाला, म्हणून मामी परत याच खोलीवर आल्या. वर गच्चीवर मामांचा भलामोठा श्रद्धांजलीचा फ्लेक्स. म्हणजे मामांचा म्हणायचा. हात जोडलेला आप्पांचा पुतण्या केवढा, त्याचे साहेब केवढे, आणि मामा खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढे. पुतण्या निवडणुकीला उभा राहणार होता. ज्यांना आप्पांनी छत्रीपायी खोली सोडायला सांगितलं होतं, ते आता 'आमचे मार्गदर्शक'. नावापुढं 'कालकथित' लिहायचं, तर 'कै.' छापलेलं. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाचा धर्म विचारायचीही यांना गरज वाटली नाही. आणि फ्लेक्सची लोखंडी चौकट बांधली होती कुठं? गच्चीवर तोच एक पाइप पक्का, मामांनी रोवलेला. छत्री आड येत होती, म्हणून तिचं तोंड फिरवून पाण्याच्या टाकीकडं केलेलं.

आत मामी काळ्या पडद्यापुढं बसलेल्या. "यांच्यामागं हेबी गेलं बघ," म्हणाल्या.

मी आप्पांकडं गेले.

"अगं, दशरथचाच फोटो हाय ना वर? त्याच्यासाठीच चाललंय समदं."

"मामींचा टीव्ही बंद पडलाय, आप्पा."

"रविवारी साहेब यायचेत. तवर कुणी हात लावायचा न्हाई. आन् तू ऱ्हातीस आमच्याच खोलीत, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. मला सगळंच फार ध्यानात राहतं, त्यापायीच तर जीव टांगणीला असतो. पण ज्या माणसानं माझी धास्ती घालवली त्याच्या नावानं त्याच्याच बायकोचा आवाज बंद करायचा, हे कुठल्या श्रद्धांजलीत बसतं? तशीच वर गेले. दोऱ्या सोडल्या, चौकट कठड्याला टेकवली. पट्टी गंजून घट्ट झाली होती, तळहात सोलले. छत्री टाकीकडून फिरवत फिरवत आणली... रेघेसमोर रेघ आली.

खालून हाक आली, "अहो, आलं! आता हात लावू नका!"

मग बराच वेळ खालून फक्त वंदना.

मी गच्चीवरून उतरेपर्यंत आप्पा जिन्यात. "कुणी सोडलं?" मी म्हणाले, "मी." महिनाअखेर खोली रिकामी कर म्हणालेत. शिक्रापूरला दुसरी बघते आहे. धास्ती आहेच. पण फ्लेक्स परत बांधला तर तिथून येऊन परत सोडीन.

त्या लाल रेघा उन्हानं फिकट झाल्यात. नेलपेंटची बाटली मामींच्या खिडकीत ठेवली आहे.