हात न उगारता कोरलेली भिंत

रत्नागिरीत घरोघरी विजेच्या जोडण्या मिळू लागल्या, त्या वर्षीच्या वैशाखात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी देवरूखहून आमच्याकडे आली. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला दिवस भरायच्या आधीच, भर पावसात, सासरीच सगळं झालं. वाऱ्याने कंदील विझला, काड्या सर्दावलेल्या, आणि दिवा पुन्हा लागेपर्यंत सुईण चाचपडत होती. मूल राहिलं नाही. दिवा असता तरी ते राहिलं नसतं, असं सुईणीने नंतर सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी ते मानलं, बहिणीने मात्र मानलं नाही.

मोटारीतून उतरून पायांवर पाणी घेता घेता तिने मला पहिलं हेच विचारलं, की बाळंतिणीच्या खोलीत विजेचा दिवा येणार ना. मी हो म्हणून बसलो. वीज कंपनीकडे अर्ज गेलेला होता. पावसाळ्यात नव्या जोडण्या देत नसत, म्हणजे मृगाच्या आत घरातलं काम पुरं व्हायला हवं होतं. बहिणीचे दिवसही त्याच सुमारास भरत होते.

वायरमन आमच्याच गावचा, पण मुंबईला गोदीत काम शिकून आलेला. तारा लाकडी पट्टीतून भिंतीवरून न्यायची तेव्हाची साधी पद्धत. मी ती नको म्हटलं. आमच्याकडे वाळवी लाकडाचं काय करते ते मी दर वर्षी पाहत होतो. त्यापेक्षा पाऊण इंची लोखंडी नळी भिंतीत बसवावी आणि वरून चुना ओढावा, असं ठरलं. ओटीवर मीटरची फळी येणार होती तिथपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मी फीत धरली, अंतर सोळा फूट भरलं. नळी पुरी आत जायची तर खाच सव्वा इंच रुंद आणि तेवढीच खोल हवी. चुन्याचा गिलावा जेमतेम अर्धा इंच. उरलेलं सगळं जांभ्याच्या चिऱ्यात कोरायचं.

गवंडी टाकी-हातोडा घेऊन आला, भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा मारल्या आणि हात उचलला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण घाव घालतोय रे भिंतीवर? घरात दोन जिवांची पोर आहे."

घरात गरोदर बाई असताना भिंतीवर घाव घालू नये, खिळा ठोकू नये, हा आमच्याकडचा रिवाज. तो मला ठाऊक नव्हता असं नाही, पण मोजमापाच्या नादात माझ्या डोक्यातून गेला होता. गवंड्याने मुकाट्याने हातोडा पिशवीत टाकला. त्याच्या घरीही हाच रिवाज होता, त्यामुळे तो माझ्या बाजूने बोलेल ही आशाच नव्हती.

मी आईशी वाद घातला नाही. एकच विचारलं, की घाव म्हणजे नेमका कशाला म्हणायचा. करवतीने कापलं तर तो घाव का? खरवडलं तर? आई चुलीकडे गेली, दूध उतरवून परत आली आणि म्हणाली, हात उगारला की घाव. हात उगारावा लागला नाही तर घाव नाही.

मला एवढं पुरे होतं. नियम स्पष्ट असला की मला काम करता येतं.

मग हत्यारांचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा जुनी करवत घेतली. चुन्यातून ती लोण्यातून जावी तशी गेली, चिऱ्याला लागली आणि तिचे दात हातभर अंतरातच बोथट झाले. चिरा वरून भुसभुशीत दिसतो, पण त्यात खड्यासारख्या कठीण गाठी असतात, आणि शंभर वर्षं वारा खाल्लेला चिरा तर ताज्या चिऱ्याहून कितीतरी टणक. नंतर सुताराचं गिरमिट आणून रेघेवर ओळीने भोकं पाडून पाहिली. मऊ भागात ते सरळ आत जाई, गाठ आली की बाजूला सरके, आणि भोकं वेडीवाकडी होत. वायरमन लांबून बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, मुंबईला आम्ही पंधरा मिनिटांत हे फोडतो."

"मुंबईला तुझी आई भिंतीपाशी उभी नसते," गवंडी म्हणाला.

शेवटी मी अडगळीतली एक मोठी मोडकी कानस घेऊन लोहाराकडे गेलो. कानशीचं पोलाद चिऱ्याला दबणार नाही असा माझा अंदाज होता. तिचं टोक त्याच्याकडून बोटभर वाकवून घेतलं, धार एक इंच रुंद ठेवली आणि मागे फावड्यासारखा लांब दांडा बसवला. टोक रेघेत रोवायचं आणि दोन्ही हातांनी अंग टाकून खाली ओढायचं. आदल्या संध्याकाळी रेघेवर पाणी मारून ठेवलं तर चिऱ्याची माती ढिली होई आणि गाठी आपोआप सुटून येत. दिवसाला दीड-दोन फूट खाच पडे. गवंड्याने ते हत्यार हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "ह्याला नाव काय द्यायचं?" मी म्हटलं, काम होऊ दे, मग बघू.

आईने मात्र आधी परीक्षा घेतली. पदर खोचून तिने स्वतः दांडा धरला आणि दोन वेळा ओढला. लाल भुकटी तिच्या पायांवर पडली. "हे खोबरं खवल्यासारखंच आहे," ती म्हणाली, आणि परवानगी मिळाली.

बहीण भिंतीपलीकडच्या खोलीत दुपटी शिवत बसलेली असे. मधूनमधून ती भिंतीला तळहात लावून बघे. एकदा तिने मला आतूनच सांगितलं की भिंत कुरकुरते, पण दचकत नाही. माझी बायको रोज संध्याकाळी लाल धूळ झाडताना माझ्या नव्या हत्याराचा उद्धार करी. एकंदरीत घरात आनंदच होता.

खोलीच्या चौकटीशी पोहोचलो आणि काम अडलं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात जुन्या गवंड्याने चिऱ्याऐवजी काळा दगड बसवला होता, वरचा भार पेलायला. चुना खरवडेपर्यंत तो कुणाला दिसला नव्हता. कानशीचं टोक त्याच्यावरून नुसतं घसरे आणि दगड अधिकच चकचकीत होई. नळी तिथे बाहेर काढून पुन्हा आत न्यावी तर दोन ठिकाणी कोपरे येणार आणि तारा ओढल्या जाणार नाहीत, असं वायरमनने दाखवून दिलं. सात इंच दगड उरला होता. टाकीशिवाय तो निघणार नव्हता, आणि टाकी म्हणजे हात उगारणं आलं. कंपनीचा तपासनीस परवा यायचा होता.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत राहिली. मी म्हटलं, या खोलीत कंदीलच ठेवू, दोन ठेवू. तेव्हा बहीण दारात येऊन उभी राहिली. तिला आता उभं राहायलाही चौकटीचा आधार लागत होता.

"आई, मला घावाची भीती नाही," ती म्हणाली. "काळोखाची आहे."

त्या पहिल्या बाळंतपणाबद्दल आमच्या घरात तिच्यासमोर कुणी बोलत नसे, आणि तीही कधी बोलली नव्हती. आईने हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, उठून खुंटीवरची शाल घेतली आणि बहिणीच्या खांद्यांवर घातली. त्या उकाड्यात शाल कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"चल, शेजारी फणस फोडलाय. गरे खाऊन येऊ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ती घरात नसेल तेवढ्या वेळात काय ते उरका. ती नसली की भिंत नुसती भिंत."

मग हे आधीच का नाही सांगितलं, असं मी विचारून बसलो.

"सोळा फूट ठोकायला किती दिवस लागले असते? तेवढे दिवस पोरीला लोकांच्या घरी ठेवू?" आई म्हणाली. हिशेब बरोबर होता.

त्या दोघी कुंपणाच्या गडग्यापलीकडे जाईपर्यंत आम्ही थांबलो. गवंड्याने पिशवीतून तीन टाक्या काढून ओळीने ठेवल्या. मी लांब निवडली, त्याने ती बाजूला सारून आखूड, जाड, बारीक टोकाची उचलली. लांब टाकी कोपऱ्यात थरथरते आणि फटके वाया जातात, असं त्याचं म्हणणं. मी हातोडा जड घ्यायला सांगितलं आणि ते त्याने ऐकलं. दगडाचे कपचे उडायला लागले. पलीकडून गऱ्यांचा वास येत होता आणि आईचा आवाजही. ती नेहमीपेक्षा बरीच मोठ्याने बोलत होती. बहिणीला इकडचे ठोके ऐकू जाऊ नयेत म्हणून, हे मला नंतर शेजारीणबाईंनी सांगितलं. दुपार कलायच्या आत खाच पुरी झाली. त्या परत आल्या तेव्हा नळी बसलेली होती आणि वर ओला चुना होता.

पंधरवड्याने, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, बहीण मोकळी झाली. मी पडवीत होतो. आत रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी झाल्याचं बायकोने दार किलकिलं करून सांगितलं. सुईण जुनी बाई. बल्बच्या उजेडात तिला आयुष्यात पहिल्यांदाच काम करावं लागलं होतं, आणि डोळ्यांवर येतंय, बंद करा तो, असं ती सारखी म्हणत होती. नव्या जिवाच्या डोळ्यांना हा झोत बाधेल, हे आईलाही पटलं असावं. पण तिने बटण काही बंद केलं नाही. ती दिव्याकडे पाठ करून खाटेपाशी उभी राहिली, म्हणजे तिची सावली बाळावर पडली.

दार अजून किलकिलंच होतं. बहिणीचा थकलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आई, जरा बाजूला हो ना. मला तिला बघू दे."